विटाळ वेगळा, अशुद्ध आत्मा वेगळा

बायबलच्या जुन्या करारातल्या, म्हणजे यहुद्यांच्याही धर्मग्रंथातल्या, लेवीय पुस्तकाच्या १५व्या अध्यायात पाळी आलेली स्त्री सात दिवस अशुद्ध असते. नव्या करारात येशूची कथा सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानात, पहिल्याच अध्यायात, कफर्णहूम गावच्या सभास्थानात (यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात) एका माणसाला अशुद्ध आत्मा लागलेला असतो. बरेच वाचक दोन्ही प्रकार एकाच गाठोड्यात बांधतात.

यहुदी विटाळामागे कोणी करणारा नसतो. प्रेताला शिवलात की सात दिवस अशुद्ध. तिसऱ्या आणि सातव्या दिवशी जाळलेल्या लाल कालवडीची राख घातलेलं पाणी अंगावर शिंपडायचं, कपडे धुवायचे, आंघोळ करायची, संध्याकाळी मोकळं. यात पाप नाही, मेलेल्याला पुरणं हे तर कर्तव्यच. सुतकातल्या माणसाला आपण तरी कुठे झपाटलेला म्हणतो!

आत्मा मात्र बोलतो, समोरच्याला ओळखतो, अडून बसतो. त्याला वेळ आणि पाणी पुरत नाही, हुकूम लागतो. मार्कच्या ५व्या अध्यायातला माणूस थडग्यांत राहतो, त्याच्यातले आत्मे सुमारे २००० डुकरांत शिरतात. थडगी, डुकरं असं यहुद्यांच्या लेखी विटाळाचं सगळं सामान हजर आहे, तरी येशू त्याला स्नान सांगत नाही. तो आत्म्याला नाव विचारतो.

म्हणून विटाळ यहुद्यांचा आणि भूत ख्रिस्त्यांचं, अशी वाटणी करू नये. भूत उतरवणारे यहुदीही होते. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस याने एलाजार नावाच्या एकाचं वर्णन केलंय: पुढे रोमन सम्राट झालेल्या वेस्पासियनच्या देखत त्याने मुळी बसवलेली अंगठी बाधा झालेल्याच्या नाकाला लावली आणि शलमोनाचं नाव घेऊन भूत बाहेर ओढलं.

दोन्हींतला फरक रब्बींच्या, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या, एका गोष्टीत फार छान उतरलाय. यहुदी नसलेला एकजण रब्बी योहानान बेन जक्काईंना म्हणतो, तुमची ती कालवडीची राख म्हणजे जादूटोणाच की. ते उत्तर देतात: भूतबाधा झालेल्याला मुळ्यांची धुरी देऊन पाणी मारतात ना, तसंच हे. तो गेल्यावर शिष्य कुरकुरतात, त्याला काडीने उडवलंत, म्हणजे सोप्या उत्तराने वाटेला लावलंत, आम्हाला काय सांगाल? तेव्हा खरं उत्तर येतं: प्रेत विटाळवत नाही, पाणी शुद्ध करत नाही, देवाची आज्ञा आहे, एवढंच.

सरमिसळ पुढे ख्रिस्ती लिखाणात वाढली. तिसऱ्या शतकातल्या सीरियातल्या ‘दिदास्कालिया’ या ख्रिस्ती मंडळीच्या नियमांच्या पुस्तकात पाळीचे सात दिवस प्रार्थनेपासून दूर राहणाऱ्या ख्रिस्ती बायकांना दटावलंय. बाप्तिस्म्याने मिळालेला पवित्र आत्मा त्या दिवसांतही तुमच्यातच असतो. तो नाही असं मानून रिकाम्या राहिलात तर अशुद्ध आत्मा शिरेल. पाळीचा विटाळ नाकारायला या पुस्तकाने भुताचाच धाक घातला! ३८६-८७ मध्ये सीरियातल्या अंत्युखिया शहरात ख्रिस्ती प्रवचनकार योहान ख्रिसोस्तोम आणखी पुढे गेला: सभास्थानातच भुतं राहतात. तो हे यहुद्यांना सांगत नव्हता. त्याचे श्रोते ख्रिस्ती होते, आणि त्यांच्यातलेच काहीजण यहुदी सणांना, उपासांना आणि दुखण्यावर उपाय मागायला तिकडे जात होते.