लिखाणाने झिजणारी साठवण : सर्व्हरसाठी एसएसडी निवडताना

गळीत हंगाम सुरू झाला की सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांचे वजनकाटे रात्रंदिवस चालतात. उसाची प्रत्येक गाडी आधी भरलेली आणि मग रिकामी अशी दोनदा तोलली जाते, शेतकऱ्याच्या खात्यावर टनेज चढते, तोडणी-वाहतुकीचा हिशेब लागतो, आणि यातली प्रत्येक नोंद सर्व्हरवर त्याच क्षणी उतरावी लागते. अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीतला टॉवेल कारखाना किंवा शहरातली एखादी पतसंस्था यांच्याकडेही लहान लहान नोंदींचे असेच अखंड लिखाण चालू असते. अशा कामासाठी एसएसडी, म्हणजे फिरत्या तबकडीऐवजी चिपवर मजकूर साठवणारा ड्राइव्ह, घेताना बहुधा क्षमता आणि वेग एवढेच विचारले जाते. माझ्या मते पहिला प्रश्न वीज अचानक गेली तर हातातली नोंद टिकेल का हा, आणि दुसरा रोज नेमके किती लिहिले जाते हा असायला हवा. वेगाचा विचार त्यानंतर करावा.

एसएसडीच्या पोटात नँड फ्लॅश ही स्मृती असते. जपानी अभियंते फुजिओ मासुओका यांच्या तोशिबातल्या गटाने ती 1987 मध्ये मांडली. तिच्या प्रत्येक सेलमध्ये एका अतिशय पातळ विद्युतरोधक थरापलीकडे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवले जातात, आणि ते आत ढकलताना किंवा बाहेर काढताना मोठा विद्युतदाब द्यावा लागतो. दर वेळी त्या थराला थोडी इजा होते, आणि पुरेशा फेऱ्यांनंतर सेलमधला भार विश्वासाने वाचता येत नाही. एका सेलमध्ये एकच बिट ठेवला तर अशा फेऱ्या साधारण 50,000 ते 1,00,000 मिळतात; तीन बिट ठेवणाऱ्या टीएलसी प्रकारात त्या काही हजारांवर येतात आणि चार बिटांच्या क्यूएलसी प्रकारात आणखी घटतात.

दुसरी अडचण पुसण्याची आहे. लिहिणे काही किलोबाइटच्या पानात होते. पुसणे मात्र अनेक मेगाबाइटच्या संपूर्ण ब्लॉकचेच होते, जणू पाटीवरचा एक शब्द बदलायचा तर अख्खी पाटी पुसावी लागावी. म्हणून ड्राइव्हमधला कंट्रोलर (कारभार पाहणारी चिप) बदललेले पान नव्या जागी लिहितो, जुने रद्द ठरवतो, आणि कधीतरी त्या ब्लॉकमधली उपयोगी पाने दुसरीकडे हलवून ब्लॉक मोकळा करतो. या हलवाहलवीमुळे सर्व्हरने लिहिले त्याहून जास्त लिखाण फ्लॅशवर होते, आणि यालाच राइट ॲम्प्लिफिकेशन म्हणतात. ते आटोक्यात ठेवण्यासाठी राखीव मोकळी जागा लागते. बाजारात 1.92 टेराबाइट आणि 1.6 टेराबाइट अशा जोड्या दिसतात त्या याच कारणाने: दोहोंत फ्लॅश बहुधा सारखाच असतो, पण दुसऱ्यात राखीव जागा अधिक सोडलेली असते, म्हणून तो जास्त लिखाण सोसतो.

हे सोसणे डीडब्ल्यूपीडी (ड्राइव्ह राइट्स पर डे) या आकड्यात सांगतात. हमीच्या काळात, म्हणजे बहुतेकदा 5 वर्षे, रोज ड्राइव्हची पूर्ण क्षमता किती वेळा लिहिता येईल, हा तो आकडा. 1.92 टेराबाइटचा 1 डीडब्ल्यूपीडीचा ड्राइव्ह 5 वर्षांत 3,504 टेराबाइट लिखाण झेलेल, 1.6 टेराबाइटचा 3 डीडब्ल्यूपीडीचा ड्राइव्ह 8,760 टेराबाइट झेलेल. घरगुती वापराच्या 2 टेराबाइटच्या ड्राइव्हला अनेकदा 1,200 टेराबाइटचीच मर्यादा असते, म्हणजे रोजच्या हिशेबाने 0.33 डीडब्ल्यूपीडी.

पण आपले लिखाण किती, हे अंदाजाने सांगता येत नाही, कारण नोंदीचा आकार फसवा असतो. मायएसक्यूएल या डेटाबेसचे इनोडीबी हे साठवणीचे इंजिन 100 बाइटांचा बदलही शेवटी 16 किलोबाइटच्या पूर्ण पानानिशी लिहिते, सुरक्षिततेसाठी ते पान मूळ सेटिंगनुसार दोनदा लिहिते, आणि बदलांच्या नोंदवहीतली, म्हणजे लॉगमधली, नोंद वेगळीच. त्याच पानावर पाठोपाठ आलेले बदल एकत्र लिहिले जातात, त्यामुळे भार थोडा विभागतो, तरी अनेकपटीची वाढ राहतेच. म्हणून मोजावे. एनव्हीएमई, म्हणजे जलद मार्गाने थेट जोडलेला, ड्राइव्ह आपल्या प्रकृतीच्या ‘स्मार्ट’ अहवालात एकूण लिखाणाचा आकडा देतो. त्याचा एक एकक 5,12,000 बाइटांचा असतो. आठवड्याच्या अंतराने दोन नोंदी घेतल्या की रोजची सरासरी हाती येते. हे मोजमाप ऐन हंगामात किंवा महिनाअखेरीस करावे, सुस्तीच्या दिवसांत नव्हे. समजा रोजचे 400 गिगाबाइट निघाले, तर 1.92 टेराबाइटच्या ड्राइव्हवर तो भार 0.21 डीडब्ल्यूपीडी एवढाच होतो, आणि 3 डीडब्ल्यूपीडीसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण उरत नाही. एकाच सर्व्हरवर अनेक आभासी यंत्रे (सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे संगणक) चालत असतील किंवा लॉगचा मारा मोठा असेल, तर मात्र चित्र पालटते.

जिथे पैसे वाचवू नयेत असे मला मनापासून वाटते, ती जागा म्हणजे वीज गेल्यावर मिळणारे संरक्षण. डेटाबेस व्यवहार पक्का करताना ड्राइव्हला सांगतो की हे कायमचे लिहून झाल्याशिवाय होकार देऊ नकोस. घरगुती ड्राइव्हला त्यासाठी प्रत्येक वेळी संथ फ्लॅशपर्यंत जावे लागते. सर्व्हरच्या ड्राइव्हवर कपॅसिटर, म्हणजे थोडी वीज साठवणारे भाग, बसवलेले असतात. वीज तुटली तरी त्यांतल्या साठ्यावर डीरॅम या जलद पण वीज जाताच पुसल्या जाणाऱ्या स्मृतीतला मजकूर फ्लॅशवर उतरवता येतो, म्हणून मजकूर डीरॅममध्ये पोहोचताच ड्राइव्ह निर्धास्त होकार देतो. त्यामुळे लहान व्यवहारांचा वेग कित्येक पटींनी वाढतो. घरगुती ड्राइव्हच्या खोक्यावर छापलेला वेगाचा मोठा आकडा मुख्यतः आतल्या जलद कॅशचा, म्हणजे तात्पुरत्या साठवणीचा, असतो, आणि ती भरली की तो टिकत नाही. यूपीएस असला तरी कपॅसिटर हवेतच: वळवाच्या पावसात तारा तुटतात तेव्हा उन्हाने थकलेल्या बॅटऱ्या दगा देऊ शकतात, आणि सर्व्हरचा स्वतःचा पॉवर सप्लाय जळाला तर यूपीएस काहीच करू शकत नाही.

एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा 40 अंशांपलीकडे जातो, आणि अनेक ठिकाणी सर्व्हरच्या खोलीतली वातानुकूलन यंत्रणा रात्री बंद केली जाते. सर्व्हरच्या मोठ्या एनव्हीएमई ड्राइव्हला 20 वॉटच्या आसपास वीज लागू शकते, म्हणून त्याच्यावरून सतत वारा वाहायला हवा. तापला की तो स्वतःच वेग कमी करतो.

बंद ठेवलेल्या ड्राइव्हसाठीही उष्णता महत्त्वाची असते. जेडेक या चिप-उद्योगाची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या मानकानुसार, लिखाणाची मर्यादा संपल्यावर घरगुती ड्राइव्हने विजेविना 30 अंशांत 1 वर्ष मजकूर टिकवावा आणि सर्व्हरच्या ड्राइव्हने 40 अंशांत 3 महिने. साठवणीचे तापमान 5 अंशांनी वाढले की हा काळ ढोबळमानाने निम्मा होतो. त्यामुळे मर्यादा गाठत आलेला ड्राइव्ह सर्व्हरमधून काढला, की त्यातला मजकूर लगेच हार्ड डिस्कवर किंवा टेपवर उतरवून घ्यावा; पत्र्याच्या शेडमधल्या कपाटात तो उन्हाळाभर बॅकअप म्हणून ठेवू नये.