हाउस ऑफ कीज

हाउस ऑफ कीज : आयरिश समुद्रातील मॅन बेटाच्या (आइल ऑफ मॅन) ‘टिनवाल्ड’ या विधिमंडळाचे कनिष्ठ सभागृह. सभासदसंख्या २४, मुदत पाच वर्षे, बैठकीचे ठिकाण राजधानी डग्लस. सुमारे ५७२ चौ. किमी. क्षेत्रफळाचे आणि २०२१ च्या जनगणनेनुसार ८४ हजारांच्या आसपास वस्तीचे हे बेट युनायटेड किंग्डमचा भाग नाही. ते ब्रिटिश राजसत्तेच्या अखत्यारीतील स्वशासित प्रदेश आहे. संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार लंडनकडे आहेत. करआकारणी, शिक्षण, आरोग्य इ. अंतर्गत विषयांवरील कायदे टिनवाल्ड करते आणि त्यांतील बहुतेकांची सुरुवात या सभागृहात होते. सभासदांना नुसते ‘कीज’ म्हणण्याचीही पद्धत आहे.

नावाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. १४१७ च्या सुमाराच्या एका लॅटिन दस्तऐवजात ‘मॅनच्या किल्ल्या आणि कायद्याच्या किल्ल्या’ अशा अर्थाचा उल्लेख येतो, आणि ‘कीज’ या नावाचा तोच सर्वांत जुना ज्ञात पुरावा मानला जातो. त्यावरून कायद्याचे कुलूप उघडणारे ते ‘कीज’, असा सरळ अर्थ लावला गेला. त्या काळचा कायदा अलिखित असे. तो जाणकारांच्या ‘उरात’ असतो अशी समजूत होती आणि ‘उरातला कायदा’ असाच शब्दप्रयोग रूढ होता. डीमस्टर म्हणजे बेटाचे न्यायाधीश अडले की या चोवीस जणांना विचारत. तेव्हा किल्लीचे रूपक अर्थाला शोभते. मात्र रूपक आधी आणि नाव मागाहून, की नाव आधी आणि रूपक मागाहून, हे त्यावरून ठरत नाही. दुसरे मत असे की ‘निवडलेला’ या अर्थाच्या नॉर्स (जुन्या स्कँडिनेव्हियन) शब्दापासून ‘कीज’ आले. बेटावर नॉर्स सत्ता दीर्घकाळ होती आणि ‘टिनवाल्ड’ हे नावही ‘सभेचे मैदान’ या अर्थाच्या नॉर्स शब्दावरूनच आले आहे, ही या मताची जमेची बाजू. तिसरे मत मँक्स या बेटाच्या स्वतःच्या भाषेकडे बोट दाखवते. या सभागृहाचे मँक्स नाव ‘क्यार अस फीड’, म्हणजे शब्दशः ‘चार आणि वीस’. (मराठी ‘चोवीस’ हा ‘चतुर्विंशति’पासून आलेला शब्दही चार आधी आणि वीस नंतर याच क्रमाने बनला आहे.) त्यातील ‘क्यार अस’ हे उच्चार इंग्रजी कारकुनाच्या कानाला ‘कीज’सारखे वाटले आणि त्याने लॅटिनमध्ये किल्ल्या लिहून टाकल्या, असे हे मत सांगते. बेटावरील लोक स्वतः या मंडळाला संख्येनेच ओळखत आले, हे लक्षात घेता तिसरे मत अधिक संभवनीय दिसते.

नावाचा उगम संख्येत मानला, तरी चोवीसच का हा प्रश्न उरतोच. पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्टॅन्ली घराण्याच्या अधिपतीपुढे कायदा सांगताना डीमस्टरांनी दिलेले निवेदन इथे महत्त्वाचे ठरते. पूर्वी ‘टॅक्सिअ‍ॅक्सी’ नावाचे चोवीस स्वतंत्र जमीनधारक होते, त्यांपैकी आठ बाहेरच्या बेटांचे आणि सोळा मॅनचे, आणि ही गोष्ट ओरी राजाच्या काळची, असे त्यात म्हटले आहे. बाहेरची बेटे म्हणजे स्कॉटलंडच्या पश्चिमेचा हेब्रिडीझ द्वीपसमूह. मॅन व ही बेटे मिळून पूर्वी एक नॉर्स राज्य होते. काही अभ्यासक मूळ संख्या बत्तीस मानतात : सोळा मॅनचे, सोळा बेटांचे. बाराव्या शतकाच्या मध्यास बेटांचा एक हिस्सा सोमरलेड या स्कॉटिश सरदाराकडे गेला आणि आठ जागा गळाल्या, अशी त्यांची मांडणी आहे. ती नीट जुळते, किंबहुना जरा जास्तच नीट जुळते. तिला समकालीन आधार नसल्याने ती अनुमान म्हणूनच घ्यावी. १२६६ च्या पर्थच्या तहाने मॅन व हेब्रिडीझ नॉर्वेकडून स्कॉटलंडच्या राजाकडे गेली. पुढे बाहेरच्या बेटांचा मॅनशी राजकीय संबंध उरला नाही, पण चोवीस हा आकडा टिकला. ‘टॅक्सिअ‍ॅक्सी’ या शब्दाच्या अर्थाबद्दलही एकमत नाही.

सभागृहाच्या प्राचीनतेविषयीचे दावे याच संदर्भात तपासावे लागतात. १९७९ मध्ये टिनवाल्डचा सहस्राब्दी सोहळा झाला, म्हणजे स्थापनावर्ष ९७९ धरले गेले. या वर्षाला कागदोपत्री आधार नाही. ओरी राजा म्हणजे गॉड्रेड क्रोव्हन हा नॉर्स राजा अशी ओळख सामान्यतः पटवली जाते. त्याने बेट जिंकले ते १०७९ च्या सुमारास. आइसलँडची आल्थिंग सभा ९३० ची, पण ती १८०० ते १८४५ या काळात बंद होती. त्यामुळे ‘अखंड चालू असलेले सर्वांत जुने विधिमंडळ’ हा मान टिनवाल्डला दिला जातो. मात्र मैदानातली सभा आणि कीज हे स्वतंत्र सभागृह या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोकप्रिय लेखनात त्यांची सरमिसळ होते. पंधराव्या शतकातले चोवीस जण अधिपतीच्या मर्जीने बोलावले जाणारे कायदेजाणकार होते. त्यांना आजच्या अर्थाने कायदेमंडळ म्हणणे धाडसाचे होईल.

पुढे कीज स्वतःच स्वतःची भरती करू लागले. जागा रिकामी झाली की सभागृह दोन नावे सुचवी आणि गव्हर्नर त्यांतले एक निवडी. सभासदत्व बहुधा तहहयात असे आणि ते काही जमीनदार घराण्यांतच फिरे. १७६५ मध्ये ब्रिटिश राजसत्तेने अ‍ॅथोलच्या ड्यूककडून बेटाचे अधिपत्य ७० हजार पौंडांना विकत घेतले, तरी या रचनेला हात लागला नाही. कीज अपिलाचे ज्यूरी म्हणूनही काम करीत. १८६४ मध्ये जेम्स ब्राउन या वृत्तपत्र-संपादकाला टीकेबद्दल सभागृहाचा अवमान केल्याचे ठरवून कासल रशेनच्या किल्ल्यात कैदेत टाकण्यात आले. लंडनच्या क्वीन्स बेंच न्यायालयाने त्याची सुटका केली आणि पुढे त्याला नुकसानभरपाईही मिळाली. कीजची अब्रू या प्रकरणात बरीच गेली. गव्हर्नर हेन्री लॉक (हा पूर्वी बंगालच्या घोडदळात होता) याने हीच वेळ साधली. जकातीच्या उत्पन्नातील शिल्लक बेटावर खर्चायला मिळावी आणि त्या बदल्यात सभागृह लोकनियुक्त व्हावे, असा सौदा लंडनशी ठरला. १८६६ मध्ये निवडणूक कायदा झाला, अपिलाचे काम काढून घेण्यात आले आणि एप्रिल १८६७ मध्ये पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पडली.

मताधिकाराच्या बाबतीत हे सभागृह मोठ्या देशांच्या पुढे राहिले. १८८१ च्या निवडणुकीत स्थावर मालमत्ता असलेल्या अविवाहित व विधवा स्त्रियांनी मतदान केले. राष्ट्रीय पातळीवरील स्त्रीमताधिकाराचे श्रेय सहसा न्यूझीलंडला (१८९३) दिले जाते. तिथे तो सर्व प्रौढ स्त्रियांना मिळाला, इथे तो मालमत्तेशी बांधलेला होता, एवढा भेद लक्षात ठेवावा. कीजला भाडेकरू स्त्रियांनाही तो द्यायचा होता, पण वरिष्ठ सभागृहाने कात्री लावली. १९१९ मध्ये प्रौढ मताधिकार आला. मॅरियन शिमिन या १९३३ मध्ये निवडून आलेल्या पहिल्या स्त्री सभासद. २००६ पासून मतदानाचे वय १६ आहे. २०१६ पासून बेटाचे १२ मतदारसंघ असून प्रत्येकातून दोघे निवडले जातात. त्यापूर्वी ‘शेडिंग’ हे सहा जुने प्रादेशिक विभाग आणि शहरे यांनुसार जागा असत. सार्वत्रिक निवडणूक सप्टेंबरच्या चौथ्या गुरुवारी होते.

सभागृह सामान्यतः मंगळवारी सकाळी बसते. गणपूर्ती १३ ची. अध्यक्ष सभासदांतूनच निवडला जातो. त्याला इतरांप्रमाणे मत असते आणि तटस्थ राहण्याची मुभा फक्त त्यालाच आहे. मते समसमान पडली तर मात्र निर्णायक मत द्यावेच लागते. विधेयकाचे पहिले वाचन औपचारिक असते, दुसऱ्यात तत्त्वावर चर्चा होते, मग खंडवार विचार आणि तिसरे वाचन. त्यानंतर ते विधान परिषदेकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे जाते. परिषदेचे अकरापैकी आठ सभासद कीजच निवडतात. महाराष्ट्रातही विधान परिषदेच्या ७८ पैकी ३० जागा आमदारांच्या मतांनी भरल्या जातात, पण मॅनमध्ये कनिष्ठ सभागृहाची ही पकड कितीतरी घट्ट आहे. परिषद अडून बसली तर तिचा विरोध ओलांडण्याची वैधानिक तरतूदही कीजच्या हाती आहे.

दोन्ही सभागृहे महिन्यातून एकदा ‘टिनवाल्ड कोर्ट’ म्हणून एकत्र बसतात. अर्थविषयक व धोरणात्मक ठराव तिथे येतात. बसणे एकत्र असले तरी मते वेगवेगळी मोजली जातात आणि ठरावाला सहसा दोन्हीकडे बहुमत लागते. मंजूर विधेयकावर याच बैठकीत सभासद सह्या करतात. राजसंमतीनंतर ५ जुलैला सेंट जॉन्स येथील टिनवाल्ड टेकडीवर कायद्याचा सारांश इंग्रजी व मँक्स भाषांत जाहीर वाचला जातो. संमतीपासून १८ महिन्यांत असे वाचन झाले नाही, तर कायदा रद्द होतो.

राजकीय पक्षांना इथे फारसे मूळ धरता आलेले नाही. २०२१ मध्ये २४ पैकी २१ सभासद अपक्ष होते आणि १० स्त्रिया निवडून आल्या. मुख्यमंत्र्याचे पद १९८६ पासूनचे. त्याची निवड पूर्वी टिनवाल्ड करी, आता ती कीज करते. २०२१ मध्ये आल्फ्रेड कॅनन निवडले गेले. पक्षाचा व्हिप नसला तरी मंत्री सामूहिक जबाबदारीने बांधलेले असतात आणि उरलेल्यांपैकी बऱ्याच जणांना कुठल्यातरी खात्याचे काम दिलेले असते. त्यामुळे संघटित विरोधी पक्ष असा उभा राहत नाही.

डग्लसला येण्यापूर्वी, १८७४ पर्यंत, कीज कासलटाउन येथे बसत. १८२१ च्या सुमारास बांधलेली ती लहानशी इमारत संग्रहालय म्हणून जतन केली आहे.