वसईतल्या गावांचा वाद आणि जुन्या उपनगरांचे एकत्र येणे : पार्श्वभूमी

वसईतल्या २९ गावांनी महापालिकेत राहायचे की बाहेर पडायचे, हा विषय निघाला की 'एकत्रीकरण' हा शब्द हटकून येतो. या एका शब्दात दोन निराळ्या गोष्टी कोंबल्या गेल्या आहेत. शेजारच्या शहरांनी आपापली पालिका राखून एखादे काम मिळून करायचे, ही एक. त्यांच्या पालिका आणि ग्रामपंचायती मोडून सगळ्यांची एकच करायची, ही दुसरी. उत्तर कोकणात पहिली गोष्ट फार थोड्या वेळा घडली, दुसरी पुन्हापुन्हा.

ही शहरे मुंबईमुळे जन्मलेली नाहीत. सोपारा आणि कल्याण ही प्राचीन बंदरे. वसईचा किल्ला १७३९ पर्यंत पोर्तुगिजांकडे होता. कल्याणची नगरपालिका १८५५ ची, ठाण्याची १८६३ ची. १८५३ मध्ये ठाण्यापर्यंत रेल्वे आली, १८६७ मध्ये विरारहून मुंबईला गाडी सुरू झाली, आणि हळूहळू ही गावे चाकरमान्यांची झाली.

१९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत मुंबई महापालिकेची हद्द दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली. वांद्रे, कुर्ला यांच्या स्वतंत्र नगरपालिका त्यात विरून गेल्या. सरकारी कागदांतला 'उपनगर' हा शब्दही तिथेच थांबला. १९९० मध्ये झालेला मुंबई उपनगर जिल्हा दहिसर-मुलुंडला संपतो. रेल्वेच्या लेखी मात्र उपनगरी सेवा कर्जत, कसारा, डहाणूपर्यंत जाते. त्यामुळे ठाणे, कल्याण, वसई ही शहरे प्रवासापुरती उपनगरे आहेत, कारभाराच्या दृष्टीने ती एकमेकांची कोणीच नाहीत.

या सगळ्यांचा मिळून विचार करायला १९७५ मध्ये महानगर प्रदेशाचे विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याने रस्ते, पूल, पुढे मेट्रो असे बरेच काही केले. पण ते राज्य शासनाचे प्राधिकरण आहे, शहरांनी मिळून उभारलेले नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीत महानगर नियोजन समितीची तरतूद आली. तिचे किमान दोनतृतीयांश सभासद त्या प्रदेशातल्या पालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातून निवडायचे असतात. जुन्या उपनगरांना एका टेबलाभोवती बसायची हीच हक्काची जागा होती. राज्याचा कायदा १९९९ मध्ये झाला, पण त्या समितीला वजन कधीच आले नाही.

कल्याणचा अनुभव त्याआधीचा. १९८३ मध्ये कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची गावे मिळून एकच महापालिका केली गेली. दहा वर्षांच्या आत अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातून बाहेर पडले. पुढे डोंबिवलीलगतची २७ गावे २००२ मध्ये वगळली, २०१५ मध्ये परत घेतली, २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा वगळायचा निर्णय झाला आणि त्याच वर्षी उच्च न्यायालयाने तो रद्द केला. एवढ्या येण्याजाण्यात गावकऱ्याने नळजोडणीचा अर्ज तरी कुठे द्यायचा?

मिळून काम करण्याचे खरे उदाहरण पाण्याचे आहे. शहाडला उल्हास नदीचे पाणी उचलायचे आणि भिवंडीजवळ टेमघरला शुद्ध करायचे, अशी ही योजना. शहाड आणि टेमघर या नावांतून तिचे 'स्टेम' झाले. ठाणे, भिवंडी आणि मिरा-भाईंदर या तीन महापालिका आणि ठाण्याची जिल्हा परिषद मिळून त्यासाठीची कंपनी चालवतात. कोणाची हद्द पुसली गेली नाही. दुरुस्तीसाठी शटडाऊन घेतला की तो सगळ्यांना सोसावा लागतो, पाण्याचे वाटप ठरवताना कुरबुरी होतात. तरी हे काम चालू राहिले आहे.

वसईत मात्र वेगळी वाट धरली गेली. १९९० मध्ये नवी मुंबई वसवणाऱ्या महामंडळाला या पट्ट्याचे विशेष नियोजन प्राधिकरण नेमले गेले. स्टेशनांभोवती इमारती उठत होत्या आणि नळाला पाणी नव्हते. मग पश्चिमेकडच्या गावांतल्या विहिरींना पंप लावून टँकर भरले जाऊ लागले. गास, निर्मळ, भुईगाव, वाघोली या भागातली शेती म्हणजे केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या. तिथे पावसाचे पाणी बावखलांत, म्हणजे वाड्यांमधल्या छोट्या तळ्यांत, साठते, जमिनीत मुरते, आणि त्या गोड्या पाण्याच्या दाबाने समुद्राचे खारे पाणी मागे राहते. उपसा वाढला की हा दाब सुटतो. विहीर मचूळ होते, आणि मचूळ पाण्यावर पानवेल तग धरत नाही. टँकरविरोधात लोक रस्त्यावर आले ते यासाठी. गावांचा महापालिकेला असलेला विरोध समजून घ्यायचा तर आधी ही विहीर पाहावी लागते. शहराशी 'एक होणे' म्हणजे काय, याचा अनुभव गावांनी टँकरच्या नळीतून आधीच घेतला होता.

३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि ५३ गावे मिळून महापालिका अस्तित्वात आली. शासनाच्या म्हणण्यात तथ्य नव्हते असे नाही. पाणी, कचरा, नाले यांना गावाची शीव माहीत नसते, आणि चार नगरपरिषदांनी चार ठिकाणी तेच काम करणे परवडणारे नव्हते. पण हा युक्तिवाद चार नगरपरिषदांना जितका लागू होता, तितका वाड्यांच्या गावांना नव्हता. महापालिका आली की ग्रामपंचायत जाते आणि तिच्यासोबत ग्रामसभाही जाते. टँकर, बांधकाम, वाडीतून जाणारा रस्ता यांवर गावाने उभे राहून बोलण्याची ती जागा. तिच्या बदल्यात मिळणार होता मोठ्या प्रभागातला एखादा नगरसेवक. आणि २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर तोही राहिला नाही. पुढे काही वर्षे प्रशासकच कारभार पाहत होते.

महापालिकेविरोधात गावांनी केलेल्या आंदोलनानंतर २०११ मध्ये शासनाने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. महापालिका न्यायालयात गेली आणि निर्णयाला स्थगिती मिळाली. मग वर्षांमागून वर्षे गेली. कागदावर वगळलेली गावे प्रत्यक्षात महापालिकेतच राहिली आणि मालमत्ता करही तिथेच भरत राहिली. २०२४ मध्ये शासनाने ही गावे महापालिकेतच ठेवण्याच्या दिशेने पाऊल टाकले आणि हरकती-सूचना मागवल्या. तेरा वर्षांपूर्वी हरकती घेताना तरुण असलेले लोक पन्नाशीला आले होते.

एक पालिका झाल्याने पाण्याचे कोडे सुटेल असे सांगितले गेले होते. जुलै २०१८ च्या पावसात वसई आणि नालासोपारा कित्येक दिवस पाण्यात होते. रूळ बुडाले, वीज गेली, मिठागरात माणसे अडकली. पूर्वेच्या डोंगरांवरून येणारे पाणी रेल्वेच्या मोऱ्यांखालून, मिठागरांमधून खाडीला जाते. त्या वाटेवर मोऱ्या रेल्वेच्या, नाले महापालिकेचे, मिठागरांचा कारभार आणखी कोणाकडे. पाण्याच्या वाटेवरचे हे सगळे एकत्र बसणे महत्त्वाचे होते, आणि ते २००९ च्या अधिसूचनेत नव्हते.

पिण्याच्या पाण्यासाठी शेवटी प्रादेशिक योजनाच करावी लागली. सूर्या नदीवरच्या कवडास बंधाऱ्यातून रोज ४०३ दशलक्ष लिटर उचलायचे. त्यात वसई-विरारला १८५ आणि मिरा-भाईंदरला २१८ दशलक्ष लिटर, असा वाटा ठरला. २०२३ च्या अखेरीपासून वसई-विरारला या योजनेचे पाणी मिळू लागले. दोन शहरांनी एकाच जलवाहिनीवर विसंबावे, ही चांगलीच गोष्ट. पण सूर्या प्रकल्प मुळात डहाणू-पालघर भागातल्या सिंचनासाठी उभा राहिला. तिथले शेतकरी आणि आदिवासी पाणी शहराकडे वळवायला विरोध करत आले आहेत. वाटा ठरवताना तेही समोर बसलेले असायला हवे होते.