परग्रहावरच्या अरण्याला नत्र कोण पुरवील?

एप्रिल २०२५ मध्ये के२-१८ बी या ग्रहाच्या वातावरणात डायमिथाइल सल्फाइड या, पृथ्वीवर मुख्यतः सागरी सजीवांमुळे तयार होणाऱ्या, वायूच्या खुणा आढळल्याचा दावा केंब्रिज विद्यापीठातील खगोलशास्त्रज्ञांनी केला आणि ‘दुसरी पृथ्वी सापडली’ अशा चर्चेला उधाण आले. हा ग्रह आपल्यापासून सुमारे १२४ प्रकाशवर्षे दूर आहे, त्याचे वस्तुमान पृथ्वीच्या आठपटीहून अधिक आहे आणि त्याला पाय ठेवण्याजोगा घन पृष्ठभाग आहे की नाही हेही निश्चित नाही. इतर संशोधकांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा त्या खुणा संख्याशास्त्राच्या कसोटीवर पुरेशा भक्कम ठरल्या नाहीत. पाण्याची वाफ दिसली की जीवसृष्टी आणि जीवसृष्टीची शंका आली की मानवी वसाहत, अशी उडी मारण्याची सवय विज्ञानाच्या बातम्यांना जडली आहे आणि तिच्यामुळे वाचकांचे नुकसानच होते. त्यातून एक समज पक्का होतो, की योग्य तापमान, पाणी आणि श्वास घेण्याजोगी हवा मिळाली की वसाहतीचा प्रश्न सुटला आणि उरलेली जीवसृष्टी ही केवळ सभोवतालची हिरवळ आहे. हा समज किती चुकीचा आहे, हे एका काल्पनिक ग्रहाच्या आधारे पाहता येते.

या ग्रहाला सांजभूमी म्हणू. तो एका तांबड्या बटू ताऱ्याभोवती इतक्या जवळून फिरतो, की त्याची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असते. एका गोलार्धात अखंड दिवस, दुसऱ्यात अखंड रात्र आणि दोहोंच्या मध्ये कधीही न संपणाऱ्या संधिप्रकाशाचा पट्टा, अशी त्याची रचना आहे. या पट्ट्यात काळपट पानांच्या वृक्षांचे अरण्य आहे, कारण मंद तांबडा प्रकाश वाया घालवणे त्यांना परवडत नाही. हवेत नायट्रोजन म्हणजे नत्र विपुल आहे आणि ऑक्सिजनही पृथ्वीइतकाच आहे. जमिनीखाली बोटाएवढे जाड, आंधळे ‘कोरके’ राहतात आणि वृक्षांच्या मुळांची साल कुरतडून खातात. वसाहतीला आलेली माणसे मुळे पोखरलेली पाहतात, कोरक्यांना कीड ठरवतात आणि विष घालून त्यांचा नायनाट करतात. काही हंगामांनी अरण्याची खालची, जुनी पाने फिकट पडू लागतात. नवी पाने मात्र अजून चांगली दिसतात. पृथ्वीवरच्या कोणत्याही कृषितज्ज्ञाने हे लक्षण पाहताच ओळखले असते. नत्र कमी पडले की वनस्पती जुन्या पानांतील प्रथिने मोडते आणि त्यातील नत्र नव्या पालवीकडे पाठवते. अरण्य उपाशी पडले आहे, कारण या ग्रहावर हवेतील नत्र बांधण्याचे, म्हणजे तो वनस्पतींना वापरता येईल अशा रूपात आणण्याचे, काम फक्त कोरक्यांच्या आतड्यातील जिवाणू करत होते.

ही रचना ओढूनताणून केलेली वाटेल, पण तिच्यामागचे रसायनशास्त्र खरे आहे. पृथ्वीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे आणि तरीही बहुतेक सजीवांना तो जसाच्या तसा वापरता येत नाही, कारण त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध तोडून अमोनिया बनवण्यासाठी हेबर-बॉश पद्धतीच्या कारखान्यात साधारण ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि वातावरणाच्या दीडशे-दोनशे पट दाब लागतो. काही जिवाणू हेच काम मातीच्या साध्या तापमानाला करतात. त्यासाठी त्यांच्याकडे नायट्रोजिनेज नावाचे विकर (एन्झाइम) असते आणि त्याच्या गाभ्यात लोह, गंधक व मॉलिब्डेनम यांचे एक संकुल असते. नायट्रोजनचा एक रेणू फोडण्यासाठी आठ इलेक्ट्रॉन आणि ऊर्जावाहक एटीपीचे किमान सोळा रेणू खर्ची पडतात. सजीवांमधील अतिशय महागड्या अभिक्रियांपैकी ही एक आहे.

खरी अडचण पुढे आहे. ऑक्सिजनचा स्पर्श झाला की हे विकर निकामी होते आणि पुन्हा दुरुस्त होत नाही. मात्र सोळा एटीपी मिळवायचे तर बहुतेक जिवाणूंना श्वसन करावे लागते आणि श्वसनाला ऑक्सिजन हवाच. जी वस्तू यंत्र चालवते तीच यंत्राचा घात करते. हा पेच सजीवांनी अनेक प्रकारे सोडवला आहे. काही सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू, आपल्या साखळीतील ठराविक पेशींना जाड भिंतीत बंद करतात, त्यांच्यातील ऑक्सिजन निर्माण करणारा प्रकाशसंश्लेषणाचा भाग बंद पाडतात आणि तेथे नत्र बांधतात. या पेशी पुन्हा कधीही विभागत नाहीत. इतर काही सायनोबॅक्टेरिया दिवसा प्रकाशसंश्लेषण आणि रात्री नत्राचे काम अशी वेळेची वाटणी करतात. ॲझोटोबॅक्टर हा जिवाणू इतक्या झपाट्याने श्वसन करतो, की आत शिरणारा ऑक्सिजन विकरापर्यंत पोहोचण्याआधीच संपतो.

परंतु सर्वांत देखणे उत्तर सोयाबीन, वाटाणा यांसारख्या शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवर सापडते. मूळ आपल्याभोवतीच्या मातीत फ्लॅव्होनॉइड रेणू सोडते. ते ओळखणारा रायझोबियम जिवाणू उत्तरादाखल स्वतःचा रासायनिक संकेत पाठवतो. तो मिळताच मुळावरचा केसासारखा मूळरोम वळतो, जिवाणूला कवेत घेतो आणि आतपर्यंत नेणारी एक सूक्ष्म नळी तयार करतो. तिच्या टोकाशी गाठ वाढते. जोमदार रोपाच्या मुळावरची गाठ नखाने चिरून पाहिली, तर आत रक्तासारखा गुलाबी रंग दिसतो. निष्क्रिय गाठ आतून पांढुरकी किंवा हिरवट असते. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा आहे. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिनचे हे वनस्पतीतील भावंड ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवते. त्यामुळे गाठीत मोकळा ऑक्सिजन जवळजवळ नसतो आणि नायट्रोजिनेज सुरक्षित राहते, पण जिवाणूंना श्वसनापुरता पुरवठा मात्र अखंड होत राहतो.

परस्परावलंबन येथेही थांबत नाही. नायट्रोजिनेजच्या संकुलाला होमोसायट्रेट नावाचा एक सेंद्रिय रेणू जोडलेला असावा लागतो आणि अनेक रायझोबियमांकडे तो बनवण्याचे जनुकच नसते. तो रेणू गाठीतील वनस्पतिपेशी पुरवतात, हे २००९ मध्ये लोटस जॅपोनिकस या वनस्पतीवरील संशोधनातून स्पष्ट झाले. म्हणजे जिवाणूच्या विकराचा एक अत्यावश्यक भाग यजमानाच्या घरून येतो. शिवाय हा व्यवहार डोळे मिटून चालत नाही. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतील नायट्रोजन काढून त्याजागी आर्गॉन भरण्यात आला, तेव्हा नत्र देऊ न शकणाऱ्या त्या गाठींतील जिवाणूंची वाढ जवळपास निम्म्यावर आली. वनस्पती अशा गाठींचा ऑक्सिजन आवळते, असे संशोधकांचे निरीक्षण होते. २०२४ मध्ये तर एका सागरी शैवालात नत्र बांधणारा जिवाणू स्वतंत्र जीव न राहता पेशीचे अंगकच बनल्याचे जाहीर झाले. त्याला नायट्रोप्लास्ट असे नाव देण्यात आले.

हे लक्षात घेतले तर सांजभूमीवरचे कोरके विचित्र वाटत नाहीत. ऑक्सिजनने भरलेल्या हवेत राहणाऱ्या अरण्याला नत्र बांधण्यासाठी ऑक्सिजनरहित जागा हवी आणि प्राण्याच्या आतड्याचा मध्यभाग ही तयार जागा असते. नत्राने अत्यंत गरीब असलेले लाकूड खाऊन वाळवी जगते, त्यामागेही तिच्या आतड्यातील नत्र बांधणाऱ्या जिवाणूंचा मोठा हात आहे. कोरका मुळाची साल खातो ती वृक्षाने त्याला दिलेली मजुरी आहे, कारण सोळा एटीपींचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो.

मग वसाहतवाल्यांनी अरण्याच्या भानगडीत न पडता पृथ्वीवरून बियाणे नेऊन स्वतंत्र शेती का करू नये, असा प्रश्न उरतो. स्थानिक फळे खाण्याचा मार्ग बहुधा बंदच असेल. ॲमिनो आम्लांचे रेणू एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असाव्यात अशा डाव्या आणि उजव्या रूपांत असू शकतात आणि पृथ्वीवरील प्रथिने डावखुऱ्या ॲमिनो आम्लांची बनलेली असतात. सांजभूमीवर ती उजवी निघाली, तर डाव्या हाताच्या मोज्यात उजवा हात बसत नाही तशी आपली पाचक विकरे त्या अन्नापुढे निरुपयोगी ठरतील. त्यामुळे बियाणे न्यावेच लागेल, पण बियाण्याबरोबर त्याचे रायझोबियमही न्यावे लागेल आणि त्या जिवाणूंना जगवणारी मातीही तेथे घडवावी लागेल. माती हा निर्जीव भराव नाही, हे अ‍ॅरिझोनातील बायोस्फिअर-२ मध्ये दिसून आले. तेथे सप्टेंबर १९९१ मध्ये आठ माणसे सुमारे १.२७ हेक्टरच्या बंदिस्त काचघरात दोन वर्षांसाठी राहायला गेली. सुमारे सोळा महिन्यांत आतील ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण साडेचौदा टक्क्यांवर उतरला आणि जानेवारी १९९३ मध्ये तो बाहेरून भरावा लागला. सेंद्रिय द्रव्याने समृद्ध अशा मातीतील सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन वापरला होता आणि त्यातून निघालेला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषून घेतल्यामुळे वनस्पतींना तो परत ऑक्सिजनमध्ये बदलता आला नाही.

बियाणे, जिवाणू आणि माती जमूनही एक वस्तू राहून जाऊ शकते आणि तिच्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही. १९४२ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातील काही कुरणांत क्लोव्हर ही शेंगवर्गीय चाऱ्याची वनस्पती नीट वाढत नसल्याचे कारण मातीतील मॉलिब्डेनमची कमतरता हे असल्याचे उघड झाले. ते अत्यल्प मात्रेत टाकताच कुरणे सुधारली. जिवाणू आणि वनस्पती आधीपासून तेथे होत्या, हवेत नायट्रोजनही होता. विकराच्या गाभ्यात बसणारा धातू तेवढा पुरेसा मिळत नव्हता. सांजभूमीवर उतरणाऱ्या पहिल्या यानाने पाणी शोधण्याच्या बरोबरीने तेथील मातीत वनस्पतींना घेता येईल असे मॉलिब्डेनम किती आहे हे मोजावे आणि त्याचा आकडा हाती येईपर्यंत एकाही कोरक्याला हात लावू नये.