पंख्याचं विमान म्हणजे जुनं इंजिन? नाही हो!
चिपी विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला सुरू झाला, एटीआर ७२ हे पंख्याचं छोटं प्रवासी विमान उतरलं, आणि तेव्हापासून सिंधुदुर्गात ऐकतोय की पंख्याचं विमान म्हणजे जुनाट, ट्रॉलरसारखं पिस्टनचं इंजिन. साफ चूक आहे हे. त्यात पिस्टन नसतोच, ते टर्बोप्रॉप, म्हणजे जेटसारखंच गॅस टर्बाइन (गरम वायूच्या झोताने फिरणारं इंजिन), फक्त ताकद गिअरबॉक्समधून सहा पात्यांच्या पंख्याला जाते, आणि जवळच्या अंतराला इंधन कमी लागतं म्हणून मुद्दाम वापरतात.

पार्टही बिघडेपर्यंत चालवत नाहीत. टर्बाइनच्या डिस्कला, म्हणजे पाती बसवलेल्या चकतीला, ठरलेल्या फेऱ्यांचंच (एक उड्डाण म्हणजे एक फेरी) आयुष्य, ती संपली की डिस्क चांगली दिसली तरी बदलायचीच, आणि मुंबई-चिपीसारख्या छोट्या उड्डाणांत तासांच्या मानाने फेऱ्या भराभर भरतात.