ओव्हनची सफाई, घरगुती

गॅसच्या किंवा विजेच्या घरगुती ओव्हनमध्ये पदार्थ भाजताना उडालेली चरबी, सांडलेला रस व साखर भिंतींवर, तळाशी, जाळ्यांवर आणि दाराच्या काचेवर तापून घट्ट बसते. यंत्रातील स्वयंसफाईची सोय न वापरता हा थर हाताने काढण्याच्या कामाचा विचार या नोंदीत केला आहे. मायक्रोवेव्हच्या भिंती फारशा तापत नसल्याने तेथील डाग वाफेने मऊ होऊन सहज पुसले जातात; म्हणून तो विषय येथे घेतलेला नाही.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन व अमेरिकेतील घरांत कोळशाच्या बिडाच्या शेगड्या होत्या आणि ओव्हन हा त्या शेगडीचाच एक कप्पा असे. त्या काळी सफाई म्हणजे मुख्यतः धुराच्या वाटांतील काजळी झाडणे आणि बिडाला ग्रॅफाइट चोळून चकाकी आणणे. गॅसच्या शेगडीचे पेटंट नॉर्थॅम्प्टनच्या जेम्स शार्प यांनी १८२६ मध्ये घेतले असले, तरी तिचा घरोघर प्रसार शतकाच्या अखेरीस, शेगड्या भाड्याने मिळू लागल्यावर आणि नाणे टाकून चालणारे मीटर आल्यावर झाला. काजळी गेली, पण चरबीचा थर उरला. पुढे बिडाच्या जागी गुळगुळीत एनॅमलचा (काचेसारखा लेप भाजून चढवलेला) पत्रा आल्यावर तो डोळ्यांत भरू लागला. ओव्हन आतून धुवायची वस्तू आहे ही कल्पना गॅसपेक्षा एनॅमलमुळे रूढ झाली असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

खास ओव्हनसाठी बनवलेल्या पहिल्या रसायनाचे श्रेय सामान्यतः ‘ईझी-ऑफ’ या उत्पादनाला दिले जाते. ते कॅनडातील रेजायना येथे हर्बर्ट मॅककूल यांनी १९३२ च्या सुमारास तयार केले, असे सांगितले जाते. तथापि तेलकट भांड्यांना राखेचे पाणी किंवा कॉस्टिक सोडा लावण्याची रीत त्याहून पुष्कळ जुनी आहे. त्यामुळे हे श्रेय द्रव्याच्या शोधाचे नसून ते ओव्हनसाठी म्हणून डब्यात भरून विकण्याचे आहे, असे समजणे बरे. फवाऱ्याचे डबे दुसऱ्या महायुद्धानंतर प्रचारात आले.

थराचे स्वरूप : सफाईच्या बहुतेक सल्ल्यांत या थराला तेलकटपणा म्हटले जाते; ते अपुरे आहे. ताजी चरबी ही ग्लिसरॉल व वसाम्ले (फॅटी ॲसिड) यांच्या जोडणीतून झालेले संयुग, म्हणजे एस्टर असते आणि साबणाच्या गरम पाण्याने निघते. मात्र पातळ थरात ती वारंवार २०० अंश से. च्या आसपास तापली, की असंतृप्त वसाम्लांचे हवेतील ऑक्सिजनमुळे ऑक्सिडीकरण होते, त्यांचे रेणू एकमेकांना आडवे जोडले जातात आणि चिकट पिवळसर, पुढे तपकिरी व कडक असे बहुवारिक (पॉलिमर) तयार होते. बिडाचा तवा तेल लावून तापवल्यावर त्यावर जो काळा, न चिकटणारा लेप चढतो, तो याच क्रियेने. तव्यावर तो हवासा असतो, ओव्हनमध्ये नकोसा. साखर व प्रथिने यांचा जळून झालेला कोळसा हा थराचा दुसरा घटक होय.

अल्कलीमुळे, म्हणजे कॉस्टिक सोड्यासारख्या आम्लविरोधी द्रव्यामुळे, एस्टर बंध तुटून साबण बनतो, परंतु रेणूंमधील कार्बन-कार्बन जोड तिला तोडता येत नाहीत आणि कोळशावर तिचा परिणाम होत नाही. म्हणजे तीव्र अल्कलीसुद्धा थर विरघळवत नाही; ती त्याला फुगवते, भुसभुशीत करते आणि एनॅमलवरची पकड सोडवते. उरलेले काम खरवडण्याचे. थरात शिरायला अल्कलीला वेळ लागतो, त्यामुळे जोर लावून घासण्यापेक्षा अल्कलीचा लेप रात्रभर ठेवण्याचा उपयोग जास्त होतो.

खाण्याच्या सोड्याविषयीचा वाद : खाण्याच्या सोड्याचा लेप हा घरगुती उपाय सर्वत्र सांगितला जातो, पण तो कसा काम करतो याबद्दल एकमत नाही. एक मत साबणीकरणाचे, म्हणजे अल्कलीमुळे चरबीचा साबण होण्याचे आहे. मात्र या सोड्याच्या द्रावणाचा सामू (pH, अल्कलीपणाचे माप) सुमारे ८.३, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास आणि कॉस्टिक सोड्याचा १३ च्या वर असतो. सामूतील एका अंकाचा फरक दहापट असल्याने, थंड लेपात साबणीकरण नगण्यच होत असणार. दुसऱ्या मतानुसार सोड्याचे कण भांडी घासायच्या मऊ पावडरीसारखे घासतात. कडकपणात ते एनॅमलपेक्षा बरेच खाली असल्याने ओरखडे पडत नाहीत, हे या मताच्या बाजूने आहे. तिसरे मत असे, की लेप ओल धरून ठेवतो आणि खरे काम पाणी व वेळ करतात. दुसरे आणि तिसरे मत एकत्र घेतल्यास अनुभवाशी अधिक जुळते. लेप तापवल्यास खाण्याच्या सोड्याचे धुण्याच्या सोड्यात रूपांतर होऊन अल्कलीपणा वाढतो, तेवढ्यापुरते पहिले मतही टिकते.

लेपावर व्हिनेगर शिंपडल्यावर येणारा फेस हा कार्बन डाय-ऑक्साइडचा असतो. त्यात सोडा व आम्ल एकमेकांना निष्प्रभ करतात आणि सोडिअम ॲसिटेटचे पाणी उरते. फेसामुळे सैल कण थोडे उचलले जातात आणि शेवटच्या पुसण्यात सोड्याचा पांढरा पट्टा निघतो. याहून अधिक श्रेय त्याला देता येत नाही.

कृती : ओव्हन पूर्ण थंड करून वीज किंवा गॅस बंद करतात. जाळ्या काढून धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडवतात. जाळी ॲल्युमिनियमची असेल, तर नुसते साबणाचे पाणी वापरतात. ओव्हनच्या पोकळीला खाण्याच्या सोड्याचा लेप लावताना विजेची कॉइल, गॅसची छिद्रे आणि दाराची गॅस्केट (फट बंद करणारी पट्टी) कोरडी ठेवतात. दुसऱ्या दिवशी लेप तपकिरी होऊन कडेने सुटू लागतो. मग प्लॅस्टिकची पट्टी पृष्ठभागाला जवळजवळ समांतर धरून ढकलतात. उभी धरल्यास ती थरावरून नुसती घसरते. एनॅमलला तारेची घासणी लावत नाहीत. दाराच्या काचेवर धातूचे पाते टाळण्याचे कारण वेगळे आहे : कडक केलेल्या काचेवर ओरखडा पडला, तर पुढे तापताना ती तेथून फुटू शकते. शेवटी ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसून ओव्हन रिकामा तापवतात.

कॉस्टिक सोड्याचे फवारे सर्वांत प्रभावी आणि सर्वांत घातक असतात. युरोपीय संघाच्या वर्गीकरणात २ टक्के व त्याहून तीव्र द्रावण त्वचा जाळणारे मानले जाते. हातमोजे, चष्मा व उघडी खिडकी अनिवार्य होत. कमी वासाच्या फवाऱ्यांत त्याऐवजी बहुधा इथेनॉलअमाइन असते. रात्रभर वाटीत अमोनिया ठेवण्याची जुनी अमेरिकी पद्धतही अल्कलीचीच; त्यानंतर ब्लीच वापरल्यास विषारी क्लोरामाइन वायू तयार होतात.

जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६३ मध्ये स्वयंसफाईचा ओव्हन बाजारात आणला. त्यात सुमारे ५०० अंश से. तापमानाला थराची राख होते. तरीही गॅस्केटच्या बाहेरची कड हातानेच पुसावी लागते.

महाराष्ट्रात घरगुती ओव्हनची परंपरा जुनी नाही. नानकटाईसारखे पदार्थ बेकरीच्या भट्टीवर भाजून आणले जात. आता घरांत दिसणाऱ्या ओटीजींपैकी (ओव्हन, टोस्टर व ग्रिल एकत्र असलेल्या विजेच्या छोट्या ओव्हनांपैकी) पुष्कळांच्या आतील पत्र्यावर एनॅमल नसून ॲल्युमिनियमचा किंवा जस्ताचा मुलामा असतो. हे दोन्ही धातू तीव्र अल्कलीत विरघळतात, त्यामुळे परदेशी एनॅमलच्या ओव्हनसाठी लिहिलेला फवाऱ्याचा सल्ला येथे लागू पडत नाही. अशा ओटीजीत तळाचा चुऱ्याचा ट्रे प्रत्येक वापरानंतर रिकामा करून भिंती साबणाच्या पिळलेल्या फडक्याने पुसतात.