'छातीचा फोटो' आणि किरणांची भीती

क्ष-किरण तपासणीला आपल्याकडे, विशेषतः खेड्यापाड्यांत, आजही 'फोटो काढणे' असेच म्हणतात. विल्हेल्म रॉन्टगेन यांनी ८ नोव्हेंबर १८९५ रोजी या किरणांचा शोध लावला आणि पुढच्याच महिन्यात पत्नीच्या हाताची हाडे छायाचित्रणाच्या काचेवर टिपली, त्यामुळे हा शब्द मुळातच चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. मात्र फोटोत अंगावरून परतलेला प्रकाश टिपला जातो, तर येथे किरण शरीराच्या आरपार जातात. हाडांतील कॅल्शियम ते अधिक शोषते म्हणून हाड पांढरे दिसते आणि हवेने भरलेले फुफ्फुस काळे दिसते.

या किरणांविषयीचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे ते अंगात साठून राहतात. वास्तविक यंत्रातील क्ष-किरण नळीला उच्च दाबाची वीज मिळते तेवढा क्षणच ते निर्माण होतात. दिवा मालवल्यावर खोलीत उजेड उरत नाही, तसेच हेही. मात्र पेशींतून जाताना ते डीएनएला इजा करू शकतात. अशी बहुतेक इजा पेशी स्वतःच दुरुस्त करतात, तरीही कर्करोगाचा अत्यल्प धोका उरतो असे धरूनच सुरक्षेचे नियम आखलेले आहेत.

हा धोका मोजायचा कसा? माती, खडक, हवेतील रेडॉन हा किरणोत्सारी वायू, अन्न आणि अंतराळ यांतून जगातील सरासरी माणसाला वर्षाला सुमारे २.४ मिलिसीव्हर्ट (शरीराला मिळालेली मात्रा मोजण्याचे एकक) किरणोत्सर्ग मिळतो. छातीच्या एका एक्स-रेतून साधारण ०.१ मिलिसीव्हर्ट किंवा त्याहूनही कमी मात्रा मिळते, म्हणजे फार तर पंधरा दिवसांचा नैसर्गिक वाटा. अनेक कोनांतून क्ष-किरण सोडून केल्या जाणाऱ्या छातीच्या नेहमीच्या सीटी स्कॅनमध्ये मात्र ती पाच ते सात मिलिसीव्हर्टपर्यंत जाऊ शकते. सोनोग्राफी आणि एमआरआय यांत क्ष-किरण वापरलेच जात नाहीत. तरीही 'किरणांची तपासणी' या एकाच नावाखाली सगळे येते आणि गरोदर स्त्री सोनोग्राफीलाही घाबरते.

उलट, जिथे विचार करायला हवा तिथे तो होत नाही. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली, घरोघरी सीटीत फुफ्फुसांची बाधा दाखवणारा पंचविसांपैकी 'स्कोअर' किती याचीच चर्चा होती आणि सौम्य लक्षणांचे रुग्णही स्वतःहून सीटी करून घेत होते. एक सीटी म्हणजे छातीचे तीनशे ते चारशे एक्स-रे, असा इशारा तेव्हा दिल्लीच्या एम्सचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी दिला. आधुनिक यंत्रांत मात्रा पुष्कळ कमी असते, असे रेडिओलॉजिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेने त्यावर म्हटले. यंत्र आणि पद्धत यांनुसार आकडा बदलतो हे खरेच, परंतु ज्या तपासणीने उपचारात काहीच बदलणार नाही ती कमी मात्रेतही अनावश्यकच, असे मला वाटते. कंबरदुखी सुरू होताच मागितला जाणारा 'कमरेचा फोटो' याच जातीचा आहे: ताप, घटते वजन, पायांतील बधिरता किंवा मोठी इजा यांसारखी लक्षणे नसतील, तर पहिल्या काही आठवड्यांत त्यातून उपचाराला क्वचितच मदत होते.

तंत्रज्ञ स्वतः आडोशामागे जातो, मग रुग्णाला आत का ठेवतो, हा प्रश्न मनात येणे स्वाभाविक आहे. रुग्ण एकदा येतो. तंत्रज्ञ दिवसभरात कित्येक एक्स-रे काढतो आणि त्याला त्या किरणांचा वैद्यकीय लाभ काहीच नसतो. म्हणून त्याच्या छातीवर मात्रा मोजणारा बॅज असतो आणि अशा कर्मचाऱ्यांसाठी पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसीव्हर्टची मर्यादा असते. रुग्णासाठी अशी ठरावीक मर्यादा नाही. त्याला होणारा लाभ धोक्यापेक्षा मोठा आहे का, हे प्रत्येक वेळी डॉक्टरांनीच ठरवायचे असते. यंत्र आणि खोली सुरक्षित आहे की नाही हे मुंबईत मुख्यालय असलेले अणुऊर्जा नियामक मंडळ पाहते.

गरोदरपणाची शक्यता असेल तर ती तपासणीआधी अवश्य सांगावी. मात्र केवळ भीतीपोटी छातीचा एक्स-रे टाळल्याने क्षयरोग लक्षात न येणे हे आई आणि बाळ या दोघांनाही अधिक घातक आहे, कारण त्यात गर्भापर्यंत पोचणारी मात्रा नगण्य असते.

जुन्या फिल्म टाकून देऊ नयेत. फुफ्फुसावर गाठीसारखा डाग दिसला आणि तो काही वर्षांपूर्वीच्या फिल्ममध्येही तसाच, तेवढाच असला, तर तो जुन्या आजाराचा व्रण असण्याची शक्यता वाढते आणि पुढचा सीटी स्कॅन कित्येकदा टळतो.